जयाबाईचा मिसकॉल

रविवारी संध्याकाळी साडेसहाला तानीबाईंचा फोन वाजला नाही. फोन नवा होता, त्याच दिवशी दुपारी निपाणीच्या बाजारात घेतलेला.

जुना बटणांचा होता. अकरा वर्षं चालला. चारचं बटण झिजलं होतं, बाकी ठणठणीत.

"चालतोय की त्यो. कशाला बदलायचा?" तानीबाई दुकानात तीनदा म्हणाल्या.

"आई, पारमिता रोज दिसेल तुला. तोंड बघून बोलता येईल," भीमरत्न म्हणाला. तो त्यांचा मुलगा. बेळगावात कॉलेजला शिकवतो, टिळकवाडीत राहतो.

"तोंड बघाय मी येती की बसनं."

"येतेस कुठं? उन्हाळ्यापासून एकदा आलीस. तेबी सकाळी येऊन संध्याकाळी परत. मुक्काम म्हटलं की तुझ्या पायाला चाकं लागतात."

दुकानदार युवराज हसला. त्याने जुना फोन बदल्यात घेऊन काउंटरखालच्या खोक्यात टाकला. भीमरत्नने सिममधले त्यानेच भरलेले नऊ नंबर तपासले, नातीचा, पारमिताचा फोटो लावला आणि शेवटी एक सेटिंग केलं. यादीत नसलेल्या नंबरांचे फोन आवाज न करता बंद होतील, असं ते सेटिंग. त्याच्या कॉलेजातल्या एका बाईंच्या आईला कुणीतरी पोलीस असल्याची बतावणी करून फोनवरून फसवलं होतं. त्याला महिना झाला नव्हता.

जयाबाईचा नंबर यादीत नव्हता. तो कधीच भरलेला नव्हता. तानीबाईंना अक्षर लागत नाही, नाव भरून उपयोग नव्हता. साडेसहाला वाजला की तो जयाबाईचा, ही ओळख पुरेशी होती. साडेसहा ही तंबाखूची वखार सुटायची वेळ. त्या वखारीत दोघींनी बावीस वर्षं समोरासमोर बसून पानं निवडली. तोंडाला पदर बांधलेला असायचा, त्यामुळे बोलणं सगळं डोळ्यांनी चालायचं.

नवरा गेल्यावर जयाबाई इचलकरंजीला लेकीकडे राहायला गेली. निपाणी कर्नाटकात, इचलकरंजी महाराष्ट्रात. तेव्हा सीमेपलीकडे फोन महाग पडायचा. म्हणून दोघींनी ठरवलं, एकीनं दोन रिंगा देऊन तोडायचं, दुसरीनं दोन रिंगा परत द्यायच्या. उचलायचा नाही. त्याचा अर्थ एवढाच, की मी आहे. पुढे दर उतरले, पण तोवर जयाबाईचे कान गेले होते. ती फोन कमरेला खोचायची आणि थरथर झाली की समजायची. तानीबाई हिरवं बटण दोनदा दाबून उत्तर द्यायच्या. दोघींची शेवटची भेट सहा वर्षांपूर्वीची.

नव्या फोनला हिरवं बटण नव्हतं.

सोमवारी तानीबाई सहालाच उंबऱ्यावर येऊन बसल्या. फोन मांडीवर होता, काळा. मधूनच बोट लावून त्या नातीचा फोटो उजळायच्या, पुन्हा काच काळी व्हायची. सात वाजता त्यांनी स्वतःला समजावलं, जयी कुठं पाहुण्याकडं गेली असंल. मंगळवारीही तेच. बुधवारी भीमरत्नचा व्हिडिओ कॉल आला, नातीने दात पडलेला दाखवला, तानीबाई हसल्या. जयाबाईचं काही बोलल्या नाहीत. गुरुवारपासून त्यांनी साडेसहाची वाट बघायचं बंद केलं आणि त्या वेळेला भांडी घासायला घेतली.

पुढच्या रविवारी भीमरत्न आला. आईने फोन त्याच्यापुढे ठेवला.

"ह्यो घे. माझा मला आणून दे."

"का गं? बिघडला का?"

"न्हाय. लई गुणाचा हाय. पण जयी गेली बघ. आठ दिस झालं, तिचा फोन न्हाय."

"जयाबाई? ती फोन करते तुला? कधीपासून?"

"रोज."

"आणि बोलता काय?"

"बोलायचं काय असतंय रं त्यात?"

भीमरत्नला ते समजायला वेळ लागला. मग त्याने बंद केलेल्या फोनांची यादी उघडली. एकसष्ट फोन होते. त्यात एक नंबर पुन्हा पुन्हा होता. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, चारही दिवस साडेसहाच्या आगेमागे. बुधवारी तर एकापाठोपाठ सहा वेळा. त्यानंतर तो नंबर नव्हता.

"आली होती रिंग," तो म्हणाला. "मीच बंद केली होती, आई."

तानीबाईंनी यादीकडे बघितलं. "म्हंजे चार दिस ती देत हुती, आन् मी गप."

"व्हय."

"मग तिला वाटलं असंल, मीच गेली."

त्यांनी त्याला दोन रिंगा द्यायला लावल्या. उत्तर आलं नाही. पुन्हा दिल्या. नंतर भीमरत्नने पूर्ण रिंग होऊ दिली. तिकडे फोन चालू होता, पण कुणी उचलला नाही. तानीबाई म्हणाल्या, "ती उचलायची न्हाय. आमचं तसं ठरलंय." तो रात्री बेळगावला परतला नाही. सोमवारी कॉलेजला कळवून रजा घेतली.

मंगळवारी दुपारी फोन उचलला गेला. पलीकडे जयाबाईची लेक प्रियदर्शनी होती. मागे शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट.

"आईचा फोन घरी पेटीवरच ऱ्हायलाय. मी आज पाळी सुटल्यावर बघितला. तुम्ही कोण?"

भीमरत्नने सांगितलं.

"अगं बाई! तानीमावशी बऱ्या हायत? आई रडतच हुती. म्हणाली, तानी गेली, निदान तोंड तरी बघून येती. गुरुवारी सकाळच्या गाडीत बसवून दिली मी तिला निपाणीच्या. म्हटलं, आठ दिस ऱ्हाईल. तुमच्याकडंच हाय न्हवं?"

तानीबाई तीन वर्षांपूर्वी जुन्या गल्लीतलं घर सोडून भीमरत्नने निपाणीतच बांधलेल्या नव्या घरी आल्या होत्या. जयाबाईला हे सांगायचं राहून गेलं होतं. दोन रिंगांत तेवढं मावत नव्हतं.

संध्याकाळी मायलेक जुन्या गल्लीत गेले. जुन्या घराशेजारच्या राजेश्वरीला आठवत होतं. गुरुवारी साडेदहाच्या सुमाराला हातात पिशवी घेतलेली एक म्हातारी आली. कुलूपबंद दारापुढे बसली आणि तानी, तानी म्हणत रडायला लागली.

"मी लई सांगितलं, तानीआक्का चांगल्या हायत, नव्या घरात हायत. तिला काय ऐकूच येईना. मग मी हातानं दावलं, तिकडं, लांब, पोराच्या घरी. तर उठली, तोंडावरनं पदर फिरवला आन् हसली. म्हणाली, 'बेळगावला व्हय?' मी न्हाय न्हाय म्हणूस्तवर गल्ली वलांडून गेली."

भीमरत्नने त्याच रात्री पोलिसांत नोंद केली. बुधवारी दुपारपर्यंत एवढंच कळलं आहे, की गुरुवारी साडेअकराच्या बेळगाव गाडीच्या कंडक्टरने पिशवीवाल्या एका बहिऱ्या म्हातारीला तिकीट दिलं होतं. तिने त्याला उतरायचं ठिकाण सांगितलं ते 'भीमाचं कॉलेज'. त्याने तिला बेळगाव स्टँडवर उतरवलं.