शेपटीच्या झाडाचं बी

लग्न होऊन मुकुंदवाडीला आल्यापासून विशाखाला एकाच गोष्टीचा जाच होता, आणि तो कुणाला सांगावा असाही नव्हता. घरात कुणी वाईट वागत नव्हतं. सासू गीताबाई सकाळीच अंगणवाडीत मदतनीस म्हणून जायच्या. नवरा इंद्रजीत शेंद्र्याच्या कंपनीत शिफ्टला. मग दुपारभर घरात दोघंच उरायचे, ती आणि सासरे साहेबराव.

साहेबराव एसटीच्या वर्कशॉपातून नुकतेच रिटायर झालेले. माणूस भला, पण सुनेशी बोलायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. चहा हवा असला तर भिंतीकडं बघून म्हणायचे, "चहा होईल का?" विशाखा ओट्याकडं बघून म्हणायची, "होतोय, मामा." झालं, दुपारचं बोलणं संपलं. तिच्या माहेरी पैठणला घरात बोलणाऱ्यांची इतकी गर्दी, की एकाचं वाक्य दुसरा पुरं करायचा. इथल्या शांततेत तिला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा सोबतीसारखी वाटायला लागली होती.

उन्हाळा लागायच्या आधीची गोष्ट. एक दिवस साहेबराव सायकलवरून मोठी पिशवी घेऊन आले आणि मागच्या ओसरीत ओतून बसले. विशाखानं डोकावून पाहिलं. लालसर, काळपट, बोराएवढ्या फळांचा ढीग पडला होता.

"काय हो हे मामा?"

"बी हाय," साहेबराव म्हणाले. मग थोडं थांबून, जणू उत्तर अपुरं पडलं असं वाटून, पुढं म्हणाले, "वर्कशॉपच्या गेटाशी झाड हाय. पानं माशाच्या शेपटीवानी. कोकणात भेरली माड म्हणतात. आम्ही शेपटीचं झाडच म्हणायचो. त्याच्याखाली डबा खाल्ला सगळी नोकरी."

"मग आता?"

"ह्या झाडाला वरून खाली घोस येतात. सगळ्यात खालचा पिकला की झाड वाळतं. यंदा खालचा पिकला."

विशाखाला ते ऐकून कसंतरी झालं. तिनं पदर खोचला आणि समोर बसली. "बी काढायचं ना? द्या इकडं."

दोघं फळं चोळायला लागले. गर चिकट होता, आत काळी, गुळगुळीत, कडक बी होती. विशाखाचा हात भराभर चालत होता. घमेल्यात बिया टपटप पडत होत्या आणि तिला बरं वाटत होतं, की निदान काहीतरी दोघं मिळून करतोय.

थोड्या वेळानं तिच्या बोटांच्या बेचक्यात चुरचुरलं. मग तळहात पेटले. मग मनगट. कुणी बारीक सुया टोचाव्यात तशी खाज सुटली. पण सासऱ्यांपुढं करकरा हात खाजवायचे कसे? तिनं साहेबरावांकडं चोरून पाहिलं. ते शांत बसले होते, फक्त मिशी जरा थरथरत होती.

"दूध ठेवलंय गॅसवर," ती म्हणाली आणि आत पळाली. गॅसवर काहीच नव्हतं. तिला आठवलं, अळू चिरताना हात खाजले की आई चिंच लावायची. तिनं चिंचेचा गोळा पाण्यात कालवला आणि कोपरापर्यंत चोळून घेतला. जरा उतार पडला. मग तिच्या कानावर मागच्या नळाचा आवाज आला. खिडकीतून बघते तर साहेबराव नळाखाली हात धरून, घासणीनं स्वतःला परातीसारखं घासत होते, आणि मधेच भिंतीच्या खडबडीत विटांवर दंड घासत होते.

विशाखाला हसू आवरेना. चिंचेचं भांडं घेऊन ती मागच्या दारात गेली. साहेबरावांनी दचकून हात पाठीमागं लपवले.

"मामा, तुम्हाला खाज नाय सुटली?"

"नाय. तुला?"

"मला पण नाय."

साहेबरावांनी हात हळूच पुढं घेतले आणि दोघं एकमेकांच्या लालभडक हातांकडं बघत राहिले. आधी साहेबराव हसले, घशातल्या घशात, जुनी गाडी सुरू व्हावी तसे. मग विशाखा पायरीवर बसून पोट धरून हसली. "असं लपवून कुठं खाज जाती का, मामा? घ्या, चिंच लावा."

गीताबाई अंगणवाडीतून आल्या तेव्हा सासरा नि सून कोपरापर्यंत चिंचेचा कोळ माखून ओसरीत बसलेले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अंगणवाडीतली पोरं बरी की मग."

दुसऱ्या दिवशी इंद्रजीतनं कंपनीतले रबरी हातमोजे आणून दिले. उरलेली फळं बादलीत पाण्यात भिजत घातली, गर सडून सैल झाला, मग वाळूत चोळून बिया स्वच्छ निघाल्या. विशाखानं मोबाइलवर बघून ठेवलं होतं: नारळाच्या काथ्याचा भुसा ओला करायचा, मुठीत दाबला तर पाणी गळू नये इतकाच. त्यात बिया थरानं घालायच्या, डब्याचं झाकण लावायचं आणि उबेला ठेवायचं. मिठाईचा एक पांढरा प्लास्टिकचा डबा सापडला. त्यात बिया भरून तिनं तो फ्रिजच्या वर ठेवला, तिथं सदा ऊब असते.

मग वाट बघणं सुरू झालं. साहेबरावांना धीर नव्हता. रोज डबा काढून, काडीनं भुसा उकरून बघायचे.

"मामा, झाकण उघडू नका. ऊब जाती."

"मी फक्त वास घेतला."

"वासानं काय कळतं?"

"इंजिनाचं कळतं," साहेबराव म्हणाले आणि डबा निमूट जागेवर ठेवला.

ऊन चढलं, मे आला, तरी बिया ढिम्म. बुद्ध पौर्णिमेला गीताबाईंची थोरली बहीण लक्ष्मीबाई खुलताबादहून आली. विहारात वंदना झाली, घरी खीर झाली. दुपारी ती परत निघाली तेव्हा एकच घाई उडाली, कारण बस सुटायची होती. "फ्रिजवरचा लाडूचा डबा दे रे," गीताबाई इंद्रजीतला म्हणाल्या खऱ्या, पण तो आंघोळीला गेलेला. मग त्यांनी स्वतःच टाचा उंच करून डबा काढला, फडक्यात बांधला आणि बहिणीच्या पिशवीत घातला.

संध्याकाळी फोन आला. गीताबाईंनी स्पीकर लावला.

"गीता," लक्ष्मीबाईचा आवाज रडवेला होता, "मी काय मागितलं होतं का तुला? नसतं द्यायचं तर नाय म्हणायचं. बहिणीला माती बांधून देती व्हय?"

विशाखानं फ्रिजवर पाहिलं. लाडूचा डबा तसाच होता. गीताबाई काहीतरी बोलायला गेल्या, तेवढ्यात साहेबराव पुढं सरकले. "अक्का, ती माती कुठं हाय?"

"गुलाबाच्या आळ्यात ओतली," लक्ष्मीबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

सकाळी उजाडताच विशाखानं स्कूटी काढली. इंद्रजीत शिफ्टला गेला होता, आणि साहेबरावांना जन्मभर बसगाड्या दुरुस्त करूनही स्कूटी चालवता येत नव्हती. ते आजवर कधी बाईमागं बसले नव्हते. जरा घुटमळले, मग लाडूचा डबा छातीशी धरून बसले.

शहर मागं पडलं. गाडीवर एक बरं असतं, एकमेकांची तोंडं बघावी लागत नाहीत. दौलताबादचा घाट लागला तशी साहेबरावांची जीभ सैल झाली.

"ह्या वळणावर एकदा गाडी बंद पडली होती. आम्ही दुरुस्तीला आलो. गाडीत लग्नाचं वऱ्हाड. नवरदेव रुसून खाली उतरलेला. त्याला म्हणलं, बाबा, रुसतो कशाला, पाना धर."

"मग?"

"धरला की. जोधपुरी कोट, काळे हात. तसाच मांडवात उभा राहिला आसंल."

विशाखा इतकी हसली की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. "हळू विशाखा, हळू," साहेबराव म्हणाले, आणि लगेच दुसरी गोष्ट सुरू केली. ती संपेपर्यंत खुलताबाद आलं.

लक्ष्मीबाई दारात उभी होती, तोंड फिरवून. विशाखानं तिच्या पायाला हात लावला, लाडू पुढं केले आणि सगळं सांगितलं. खाजेचा भाग आला तशी लक्ष्मीबाईचं तोंड वाकडं झालं, मग हलायला लागलं, आणि शेवटी ती पदरात तोंड घालून हसली. "ह्यांनी विटांवर हात घासले? आमच्या साहेबरावांनी?"

तिघंही गुलाबाच्या आळ्यात वाकले. साहेबरावांनी बोटानं भुसा हळूच बाजूला केला. एक बी हाती लागली. तिच्या एका टोकाला तांदळाच्या कणीएवढा पांढराशुभ्र कोंब बाहेर आला होता.

बी तळहातावर ठेवून त्यांनी विशाखासमोर धरली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इथं अजून एक हाय," लक्ष्मीबाई म्हणाली. "आन् ही बघा, हिला तर शेपूटच फुटलंय." तिनं गुलाबाचे काटे टोचून घेत सगळं आळं चाळलं. बऱ्याच बिया जाग्या झाल्या होत्या. काही अजून झोपल्या होत्या, त्याही तिनं फडक्यात गोळा केल्या. "मात्र दोन-चार मी ठेवून घेणार. माझ्या आळ्यात आल्या त्या माझ्या."

जेवल्याशिवाय तिनं दोघांना सोडलं नाही. परतीच्या वाटेवर डबा साहेबरावांच्या मांडीवर होता आणि खड्डा आला की ते तो दोन्ही हातांनी उचलून धरत होते.

कोंब फुटलेल्या बिया दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून लावल्या. श्रावणात त्यांतून हिरवी टोकं वर आली आणि एका सकाळी पहिलं पान उलगडलं. दोन फाकांचं, कडेला दातेरी, अगदी माशाच्या शेपटीसारखं. रविवार होता, इंद्रजीत घरीच होता. त्यानं वाकून पाहिलं.

"कीड लागली वाटतं. कुरतडलंय."

"कुरतडलंय?" साहेबराव म्हणाले. त्यांनी पोराला खांद्याला धरून पायरीवर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली: पान असंच का असतं, घोस वरून खाली का येतात, वर्कशॉपाच्या गेटाशी पहिल्यांदा ते झाड कसं पाहिलं. मधेच ते थांबून आत हाक मारत, "विशाखा, त्या बिया किती भिजवल्या होत्या गं आपण?" आणि ती कणीक मळता मळता सांगायची.

तास झाला तरी गोष्ट संपेना. इंद्रजीत हळूच आत आला आणि कुजबुजला, "पप्पांना झालंय काय? थांबतच नाहीत."

"मी रोज दुपारी ऐकती," विशाखा म्हणाली आणि त्याच्या हातात चहाचे दोन कप दिले. "जा, आता वऱ्हाडाची गोष्ट यायचीय. ती लई भारी हाय."