मागे द्यायचा नारळ

नजमुद्दीन मामूंनी न सोललेला नारळ चटईच्या मधोमध ठेवला आणि त्याच्या दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा सुपाऱ्या मांडल्या. सुपाऱ्या म्हणजे गोरे साहेब. नारळ म्हणजे चेंडू.

"चेंडू असा लांबोडका?" करमअलींनी विचारलं. मेव्हण्याला ते दर वर्षी हेच विचारत, त्याच सुरात.

"रग्बी हाय ती, दुलाभाई. गोल चेंडू पोरं खेळतात."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीनं, अतियानं नाक मुरडलं. रेवदंड्याच्या त्यांच्या वाडीत असले नारळ ढिगानं पडत. एका नारळासाठी तीस बाप्ये चिखलात एकमेकांच्या अंगावर लोळतात, कान चावतात, आणि वर त्याला कप देतात, हे तिला ऐकूनही लाज वाटे. वाडीतली माकडंसुद्धा नारळ शहाण्यासारखा पळवत.

पण या खेपेला मामू नुसता खेळाचा इतिहास घेऊन आले नव्हते. पेटीत हिरवी ओढणी होती. आपल्या मुलासाठी, रफिकसाठी त्यांना अतिया हवी होती. मुंबईला साहेबांच्या क्लबात मामू मैदान राखत. पुढेमागे रफिक तिथेच लागणार, साहेबानं जबान दिलीय, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. करमअली एवढ्यावर खूश. आज जेवणं झाली होती, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. ती फुटली की अतियाची सातवीची परीक्षाही बुडालीच. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, ही पोरगी केंद्रात पहिली येईल. अतियाला स्वतःला त्यात मुळीच शंका नव्हती.

"चोवीस साली हा खेळ सगळ्या हिंदुस्थानाचा झाला," मामू म्हणाले. "कलकत्त्याचे क्लब आले, मद्रासचे आले, गोऱ्यांच्या पलटणी आल्या."

"सगळ्या हिंदुस्थानाच्या खेळात एखादा हिंदुस्थानी होता का, मामू?"

"होता की. रेघा मी मारल्या."

करमअली हसले. मामूही हसले. आतून महेरुन्निसानं मुलीला डोळ्यांनी दटावलं. अतिया मात्र चटईपाशी येऊन बसली.

"आणि चेंडू हातानं पुढं द्यायचा न्हाय," मामूंनी नारळ एका सुपारीवरून दुसरीकडे सरकवला. "ज्याला द्यायचा तो मागंच पायजे. कायदाच हाय."

"मग पुढं जातात कसे?"

"धावत."

"ज्यांना मागचं पुढचं कळत नाही ते आपल्यावर राज्य करतात," अतिया म्हणाली.

मामू ऐकून न ऐकल्यासारखं करून सालं मोजत राहिले. अमक्या साली पलटणीनं कप नेला, तमक्या साली पावसानं मैदानाचं तळं केलं आणि मामूंनी गोणपाटं टाकून ते वाचवलं, एकोणतीसला एका साहेबाचा दात चिखलात पडला तो मामूंनी शोधून दिला. दातही यांनीच शोधायचा. अतियाला हे सगळं परवच्यासारखं पाठ होतं. इतिहास गेल्या वर्षावर येऊन थांबला.

"आणि यंदा?" तिनं विचारलं. "यंदा कप कुणी नेला?"

"यंदा... कलकत्त्यानंच असेल."

"असेल? तुम्ही होतात ना तिथं?" मग तिला राहवेना. "का मामू, साहेबानं नारळ दिला की काय?"

करमअली खो खो हसले. कामावरून काढणं आणि चटईवरचा नारळ, कोटी साधली होती. "पोरीची जीभ बघ," ते म्हणाले.

मामू हसले नाहीत. त्यांचा हात नारळावर तसाच राहिला. दर वर्षी त्या नखांत मैदानावरच्या रेघांचा चुना असे. आज नखं स्वच्छ होती.

अतियाचं हसू ओठांवरच विरलं.

करमअलींनी अडकित्ता हातात घेतला. "मग नजमुद्दीन, फोडायची ना?"

मामूंच्या नोकरीचं एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. तिनं आत पाहिलं. महेरुन्निसा पदर सावरून बसली होती. माझा भाऊ साहेबांच्या क्लबात असतो, हे तिनं अख्ख्या मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतं. अतियानं मामूंकडे पाहिलं. मामू तिच्याकडेच पाहत होते.

"खेळ संपला की पंच शिटी मारतो," मामू सावकाश म्हणाले, "आणि म्हणतो, नो साइड."

"म्हणजे?"

"म्हणजे आता कुणाचीच बाजू न्हाय. सगळे घरी जा." त्यांनी चटईवरच्या सुपाऱ्या ओंजळीत गोळा करून टोपलीत टाकल्या. "दुलाभाई, पोरीला सातवी होऊ दे. मग बघू. आमचे साहेब म्हणतात, शिकलेली सून बरी."

आतून महेरुन्निसा म्हणाली, "अन् ती ओढणी?"

"ओढणी ठेव. मामूची हाय ती."

मामू भिंतीपर्यंत मागे सरकून बसले. चटईवर एकटा नारळ उरला. अतियानं तो उचलला आणि मागे त्यांच्या मांडीशी नेऊन दिला.

"यंदाचं राहू द्या, मामू," ती म्हणाली. "चोवीस सालचं सांगा. पहिल्यापासून."

मामू नारळ मांडीवर नुसता फिरवत राहिले.

करमअलींनी अडकित्ता हळूच खाली ठेवला. मेव्हण्याच्या हातांकडे, त्या स्वच्छ नखांकडे त्यांनी क्षणभर पाहिलं, आणि दर वर्षीच्याच सुरात विचारलं,

"चेंडू असा लांबोडका?"