कोय धरण्याआधी

संशोधनासाठी सरकार पैसे देतं, ही बातमी चांद्याच्या कॉलेजात दरवर्षी येत असे. फक्त ती अर्जाची शेवटची तारीख उलटून गेल्यावर येत असे. परिपत्रक दिल्लीहून निघायचं, नागपुरात मुक्काम करायचं आणि चांद्याला पोचेपर्यंत त्याच्या डोक्यावरच्या ‘तातडीचे’ या शब्दाचा जोर ओसरलेला असायचा. प्राचार्य उपाध्ये ते बारकाईने वाचत, खाली ‘सर्व प्राध्यापकांच्या माहितीसाठी’ असं लिहीत आणि फळ्यावर लावायला देत. चहाच्या सुट्टीत मंडळी फळ्यापुढे उभी राहून हुकलेली संधी वाचत, हळहळत आणि ताजीतवानी होऊन वर्गावर जात. हुकलेल्या संधीचं एक बरं असतं. तिच्यासाठी काही करावं लागत नाही.

सत्तावन सालच्या पावसाळ्यात कुठे काय घोटाळा झाला कोण जाणे, परिपत्रक वेळेवर आलं. गणिताच्या प्राध्यापकांनी तारीख दोनदा वाचली आणि ‘ही छपाईची चूक असावी’ असं म्हणून ते निघून गेले. बाकीच्यांनाही एकदम कामं आठवली. फळ्यापुढे एकटे उरले ते वनस्पतिशास्त्राचे भैयाजी म्हशाखेत्री.

भैयाजी मूळचे चामोर्शीचे. घरी धानाची शेती. भावकीतून नागपूरला जाऊन एम.एस्सी. झालेले पहिलेच. गेली अकरा वर्षं ते पोरांना फुलाचे भाग शिकवत होते, आणि फुलाचे भाग काही वाढत नव्हते. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून होती. सूरजागडच्या डोंगराखाली एका लहानशा गावालगत रानआंब्याची सहा जुनी झाडं होती; उन्हाळ्याच्या सुट्टीत ते ती पाहून येत. एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढलेली. पण प्रत्येकाचं फळ वेगळं. हा वेगळेपणा फळात नेमका केव्हा शिरतो? भैयाजींचा अंदाज होता, कोय धरण्याआधी. त्यासाठी फाल्गुनातली, सुरीने सहज चिरली जाणारी कोवळी कैरी हवी होती. ती चिरायची, मोजायची, वाळवायची. पुढे तीन वर्षं हेच करायचं.

अर्जावरचा विषय प्राचार्यांनी मोठ्याने वाचला. “भारदस्त आहे. मला समजला नाही, म्हणजे मंजूर होईल.”

झालाही. कॉलेजात तीन दिवस पेढे चालले. पण मंजुरी यायला फेब्रुवारीची अखेर उजाडली, आणि तिच्यात एक अट होती: पहिल्या हंगामाची निरीक्षणं एकतीस मार्चपूर्वी दिल्लीत पोचली पाहिजेत. न पोचल्यास पुढच्या दोन्ही वर्षांचं अनुदान लॅप्स. हेडक्लार्कनी हा शब्द अशा आवाजात वाचला, की कोणीतरी टोपी काढली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भैयाजी प्रयोगशाळेच्या लटारूला घेऊन निघाले. सागाचे ओंडके उतरवून परतणाऱ्या रिकाम्या ट्रकने आलापल्ली, तिथून पुढे बैलगाडी. बरोबर तराजू, सुऱ्या आणि स्पिरिटच्या बाटल्या. या बाटल्यांमुळे गाडीवान वाटभर फार अदबीने वागला.

झाडं लगडली होती. कैऱ्या नेमक्या हव्या तेवढ्या, लिंबाएवढ्या. भैयाजी खाली उभे राहून वर बघत राहिले. अकरा वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड कोणी पाहिला नव्हता.

“जोहार, मास्तर.” गावचा गायता पत्रू काठी टेकत आला. गायता म्हणजे गावाचं देवाधर्माचं बघणारा. “कैऱ्या पाह्याले आले?”

“जोहार, पत्रूभाऊ. पाह्याले नाई, तोडाले आलो. झाडामागं दहा-बारा.”

“ते नाई होत.”

“काऊन?”

“पंडुम नाई झाला.”

नवं फळ आधी देवाला दाखवायचं, मग सगळ्या गावाने एकत्र बसून खायचं, हा पंडुम. तो होईपर्यंत फळाला कोणी हात लावत नाही. भैयाजींना हे ऐकून ठाऊक होतं. पण अर्ज भरताना ते आठवलं नव्हतं, कारण अर्जात तसा रकाना नव्हता.

“आन् हे माकडं खाऊन राह्यले ते?” लटारूने वर बोट दाखवलं.

“ते आमच्या गावचे नाईत,” पत्रू म्हणाला.

“मंग करून टाका ना पंडुम लवकर,” भैयाजी काकुळतीला आले. “चार दिवसांत करा. मी थांबतो.”

“करतो ना. आमच्याबी तोंडाले पानी सुटून राह्यलं. पन लच्छूचं घर बंद आहे. लाकूड भरता भरता ओंडका पायावर आला त्याच्या. ठेकेदाराच्या ट्रकात टाकून चांद्याच्या दवाखान्यात नेलं. बायको सोमारीबी तिथीच. एक घर कमी असताना आमच्या इथी पंडुम नाई होत. आजवर नाई झाला.”

“त्याच्या वाट्याचं ठेवून द्या बाजूले.”

पत्रूने भैयाजींकडे जरा कीव येऊन पाहिलं. “वाटा त ठेवता येते, मास्तर. मानूस कसा ठेवाचा?”

परतताना वैनगंगेच्या डोंग्यात बसल्यावर लटारूने घसा साफ केला. “सर, चामोर्शीच्या बाजारात टोपलीनं कैऱ्या येऊन राह्यल्या. घेऊन टाकू. दिल्लीवाल्याइले काय समजते कोन्त्या झाडाची?”

“नाई समजत.”

“मंग?”

“मले समजते ना, लटारू.”

असं ते म्हणाले खरे, पण नदी रुंद होती. पैलतीर येईपर्यंत टोपलीचा विचार त्यांनी बराच केला.

चांद्यात प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हशाखेत्री, शेवटी आंबा तो आंबाच ना हो?”

“सर, हे खरं असेल तर माझ्या संशोधनाला अर्थच नाही.”

“तसं नव्हे, तसं नव्हे,” प्राचार्य घाईने म्हणाले. विषय मंजूर झालेला होता. “मग त्या लच्छूला गावी नेऊन सोडा. सोपं आहे. प्रवासखर्चात बसवू.”

हे मात्र भैयाजींना पटलं. घरी बायको मनकर्णाने ऐकलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. “मोडल्या पायाच्या मानसाले बैलगाडीत घालनार?”

“हळू हाकू ना.”

“हो. खड्ड्याइले सांगून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आलापल्लीला जाणारा ट्रक दवाखान्याच्या फाटकाशी उभा करून भैयाजी आत गेले. डॉक्टर तरुण होते, रात्रपाळी करून डोळे तांबारलेले. “नेता येईल,” ते म्हणाले. “इथे सही करा आणि न्या. हाड अजून धरलेलं नाही. गाडीत हिसका बसून सरकलं, तर पाय आखूड राहील जन्माचा. एप्रिलच्या मध्यावर नेलंत, तर चालत जाईल. तुम्ही कोण त्यांचे?”

“आंब्याचा,” असं भैयाजी पुटपुटले. डॉक्टरांनी रोज याहून विचित्र नाती ऐकलेली असावीत. त्यांनी कागद पुढे केला आणि ते दुसऱ्या खाटेकडे वळले.

लच्छू भिंतीला टेकून बसला होता. प्लास्टरचा पाय पुढे पसरलेला, जणू दुसऱ्या कोणाचा सांभाळायला घेतलेला. मास्तरांना बघताच तो खाटेवरून उतरायच्याच बेतात आला. “मास्तर! गावाकडं जाऊन आले म्हने. गाव थांबून अशीन ना माह्यासाठी? पंडुम अडला अशीन. मले घेऊन चाला. पायाचं काय, दोन आहेत.”

सोमारी खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती भैयाजींच्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली.

फाटकाशी ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. भैयाजींना सहा झाडं दिसली, लिंबाएवढ्या कैऱ्या दिसल्या. रोज थोडी थोडी घट्ट होत जाणारी आतली कोय दिसली. मग प्लास्टरच्या टोकाला बाहेर आलेली लच्छूची बोटं दिसली. ती तो हलवून दाखवत होता, आपण किती बरे आहोत ते कळावं म्हणून.

“कुठी अडला पंडुम?” भैयाजी म्हणाले. “यंदा कैऱ्याच कुठी आहेत? मोहोर गळला.”

“गळला? मी पाह्यला तव्हा त झाड पांढरं होतं.”

“वारा सुटला मंग. लई वारा. ज्या राह्यल्या त्या वाटाण्याएवढ्या. महिनाभर त काई नाई आता. तू पड आरामात.”

अकरा वर्षांच्या नोकरीत भैयाजींनी नोंदवलेलं हे पहिलं खोटं निरीक्षण. लच्छूने लांब श्वास सोडला आणि पाठ टेकली.

भैयाजी व्हरांड्यात आले, तशी सोमारी मागोमाग आली. “मास्तर, वारा म्हन्ले काय तुमी?”

“हो बाई.”

“मी त्याले कीड पडली म्हून सांगून ठेवलं होतं. त्याले पटलं नव्हतं.”



“दोन्ही सांगा,” भैयाजी म्हणाले. “शास्त्रात एका गोष्टीले दोन कारनं चालतात.”

सोमारी तोंडाला पदर लावून हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी. भैयाजींनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि ट्रकवाल्याला जायला सांगितलं.

अहवाल त्यांनी त्याच आठवड्यात लिहिला. फळं झाडावर आहेत. पंडुम झालेला नाही. एक घर दवाखान्यात आहे. सबब नमुने नाहीत. मुदत पुढच्या हंगामापर्यंत वाढवावी, ही विनंती. प्राचार्यांनी तो वाचून चष्मा काढला.

“हे असं पाठवणार? अहो, ‘पुरामुळे रस्ता बंद’ असं लिहा. तेवढं दिल्लीला कळतं.”

“मार्चमध्ये पूर, सर?”

“दिल्लीला कुठे ठाऊक आपला मार्च!” मग त्यांचा आवाज उतरला. “तुमचं तिसरं वर्षही जातं आहे हो त्यात. कॉलेजाला असं पुन्हा मिळणार नाही.”

“ठाऊक आहे, सर.”

प्राचार्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं. शेवटी ‘शिफारशीसह रवाना’ असं लिहून त्यांनी सही केली. त्यांच्या कारकिर्दीतली ती बहुधा सर्वांत धाडसी सही. भैयाजींना बरं वाटावं म्हणून त्यांनी चहाही मागवला, तोही कॉलेजच्या खात्यावर नव्हे.

दिल्लीचं उत्तर मात्र कधी नव्हे ते तातडीने आलं. अनुदान लॅप्स झाल्याबद्दल समितीला खेद होता. यापुढे संशोधकांनी स्थानिक सणांच्या तारखा आर्थिक वर्षाशी जुळवून घ्याव्यात, अशी सूचनाही होती. प्राचार्यांनी ते पत्र फळ्यावर लावलं नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लच्छू काठी घेऊन, पण दोन्ही पाय टेकत गावी गेला. भैयाजींनी किरकोळ रजा टाकली आणि स्वतःच्या खर्चाने त्यांच्याबरोबर गेले. का, ते मनकर्णाने विचारलं नाही. वाटेत खायला तिने भाकऱ्या तेवढ्या जास्त बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी पंडुम झाला. पत्रूने देवापुढे तांदूळ ठेवले, कोंबडं दाखवलं, पहिली कैरी चिरली. मग एकेका घराचं नाव घेऊन वाटणी सुरू झाली. लच्छूच्या घराचं नाव आलं तेव्हा सगळे उगीचच मोठ्याने बोलले.

लच्छू काठीवर रेलून झाडाकडे बघत होता. फांद्या पार खाली वाकलेल्या.

“मास्तर,” तो म्हणाला, “यंदा वारा लई होता म्हने.”

“लई,” भैयाजी म्हणाले.

“आन् कीडबी.”

“कीडबी.”

“तरी बरं,” लच्छू म्हणाला, “नाई त झाड मोडलंच असतं.” सोमारीने तिकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

पत्रू भैयाजींशेजारी येऊन टेकला. “तुमच्या त्या सरकारचं काय झालं? पैसा देनार होते ना?”

“त्याइचाबी एक पंडुम असते, पत्रूभाऊ. एकतीस मार्चले. तो होऊन गेला.”

“तुमी नसताना?”

“हो.”

पत्रू विचारात पडला. एवढ्या मोठ्या दिल्लीत असं व्हावं, याचं त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. “त्याइच्यात थांबा म्हून सांगनारा कोनी म्हातारा नसन,” तो शेवटी म्हणाला आणि उठून पुढच्या घराची वाटणी करायला गेला.

लच्छूने आपल्या वाट्यातली एक मोठी कैरी काढून भैयाजींच्या हातावर ठेवली. भैयाजींनी सवयीने खिशातली सुरी काढली आणि कैरी मधोमध धरून दाब दिला. सुरी गरातून सरसर गेली आणि मध्येच खट् करून थांबली. त्यांनी पुन्हा दाब दिला. सुरी हलेना. कोय धरली होती, चांगली घट्ट. आता चिरून, मोजून, वाळवून काही कळण्यासारखं नव्हतं. पुढच्या मोहोरापर्यंत तरी नव्हतं.

त्यांनी कडेची फोड काढली, सोमारीने पुढे केलेल्या मिठात बुडवली आणि तोंडात टाकली. डोळे आपोआप मिटले.

“कशी आहे, मास्तर?” लच्छूने विचारलं.

“आंबट,” भैयाजी म्हणाले, आणि दुसरी फोड कापायला घेतली.