नळीखालचा कागद

शनिवारी सकाळी सातलाच माया नेमबाजीच्या रेंजवर येऊन बसली होती. बसली म्हणजे काय, चार पावलं इकडं, चार तिकडं. पुण्याच्या निवड चाचणीसाठी क्लबातून एकच नाव जायचं होतं आणि बाराच्या आत कळवायचं होतं. गेल्या आठवड्याच्या गुणांवर ते क्लबातल्याच प्रथमेशचं होतं. पण आपल्या दर दहांतल्या दोन-तीन गोळ्या उजवीकडं का जातात, याचं उत्तर मायानं तेव्हाच देऊन टाकलं होतं. "आबा, रायफलच हलतीय. माजी चूक न्हाई."

ती ज्यांना आबा म्हणायची ते क्लबाचे प्रशिक्षक तात्याबा साताऱ्याकडचे, फौजेत हत्यारं दुरुस्त करून निवृत्त झालेले. त्यांनी लाकडी दस्ता उघडून पाहिला. खोबण झिजली होती. लोखंड आत किंचित डुलत होतं.

"बेडिंग करू. खोबणीत डिंक भरून लोखंड घट्ट बसवायचं," ते म्हणाले. "पन त्यानं नेम सुधारतो का, ते कागदावर दाखव. दाखवलंस तर मागचे गुण धरत न्हाई."

काम मिरजेला, सतारी बनवणाऱ्या शमशेरचाचांकडं गेलं. हत्यार दुसऱ्याच्या हाती सोडायचं नाही, म्हणून गुरुवारी तात्याबा दिवसभर दुकानात बसून राहिले. दुपारी जेवण जड झालं आणि ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही तो रायफलचा बोल्ट खिशात ठेवून त्यांना अर्धा तास डुलकी लागली. डिंक वाळायला शुक्रवार गेला. मायाला ना जेवण गोड लागलं ना अभ्यास सुचला.

आठ वाजता तात्याबा रायफल घेऊन आले. मागं चाचा, इस्त्रीच्या कुडत्यात. खर्चायला तीस गोळ्या होत्या.

मायानं पालथं पडून पहिल्या दहा मारल्या. तात्याबांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"काय झालं?"

"पांगल्या. आदीपेक्षा जास्त."

"मी म्हनलंच हुतं, रायफलच खराब हाय!" मायाच्या आवाजात आनंदच जास्त होता. तो तिचा तिलाच ऐकू आला.

तात्याबांनी नेमाच्या कागदाची एक पट्टी फाडली आणि नळी व लाकूड यांच्यामध्ये सरकवली. ती टोकालाच अडली.

"शमशेरभाई, नळीखाली पन डिंक भरलाय व्हय?"

"भरला की! तुम्ही घोरत होता, तेवढ्यात पूर्ण करून टाकलं. कागद काय, मुंगी जाणार नाही," चाचा अभिमानानं म्हणाले. "सतारीला फट राहिली तर आवाज मरतो."

"आवं, ही वाजवायची न्हाई! नळी मोकळी पायजे. हाताला बांधलेला पट्टा ताणला की लाकूड वाकतं आन् नळीला ढकलतं."

चाचांचा चेहरा पडला. पण त्यांनी पिशवीतली कानस काढली. तासभर ते नळीखालचा डिंक खरवडत होते. माया घड्याळ बघत होती. शेवटी कागदाची पट्टी टोकापासून खोबणीपर्यंत अलगद गेली.

दुसऱ्या दहा. या वेळी तात्याबा लगेच बोलले. "नऊ गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील. दहावी उजवीकडं."

चाचा कानस पुसत राहिले.

"डिंक आतून वला असंल," तात्याबा म्हणाले. "व्हतं तसं."

पळवाटेचं दार उघडंच होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. चाचांनी मान वर केली. मायाला ती गोळी सुटतानाच कळली होती. श्वास संपला होता, डोळ्यापुढं काळं नाचत होतं आणि तरी तिनं बोट ओढलं होतं. गेल्या आठवड्यातल्याही काही तशाच होत्या.

"न्हाई आबा. चाचांचं काम चोख हाय. दहावी माजी. श्वास धरून लय थांबले मी."

"मग?"

"दहा राहिल्यात."

नऊ झाल्या. दहावीला पुन्हा तेच. श्वास ताणला गेला, नेमाचं वर्तुळ थरथरायला लागलं, बोट ट्रिगरवर घट्ट झालं. मायानं बोट काढलं. रायफल खांद्यावरून उतरवली, कपाळ हातावर टेकवलं, तीन-चार श्वास घेतले. मग पुन्हा उचलली आणि गोळी मारली.

तात्याबा मघापासून मायाच्या बोटाकडंच बघत होते; दुर्बिणीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खिशातलं, पुण्याला पाठवायचं पत्र काढून मांडीवर ठेवलं आणि रिकाम्या जागी मायाचं नाव लिहिलं.

"अहो, आधी बघा तरी," चाचा कळवळून म्हणाले.

"बगतो की," तात्याबा पेनाचं टोपण लावत म्हणाले. "बाराला अजून टाइम हाय."