तीन टिंबांच्या आड

मी ‘तारीख बदला’ हे बटण बोलतोय. हसू नका. बटणालाही आयुष्य असतं, आणि माझं बरंचसं अडगळीत गेलं.

जळगावात एका साड्यांच्या दुकानावर अखिलभाऊंचं ऑफिस आहे. तिथे धुळ्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यासाठी अ‍ॅप बनत होतं. मला घडवलं त्या ऑफिसातल्या रूपलने. त्याआधी ती तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर पेशंटांमध्ये बसून आली. कापूस वेचून राठ झालेलं बोट बारीक बटणावर नीट पडत नाही, मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला फिकट अक्षरं दिसत नाहीत, हे तिने पाहिलं. म्हणून तिने मला रुंद केलं, गडद निळा रंग दिला आणि तारखेच्या अगदी खाली बसवलं. तारखेशेजारी तिथी आणि सणही लिहिला.

अखिलभाऊंना मी आवडलो नाही.

“हे काय पंचांग काढलंय? स्क्रीन स्वच्छ दिसली पाहिजे,” म्हणाले. सण पुसले गेले. मला कोपऱ्यातल्या तीन बारीक टिंबांच्या आड टाकलं. माझ्या जागी चित्रातला एक हसरा डॉक्टर आला, तो आपोआप डावीकडून उजवीकडे सरकतो. त्याचा कुणाला काय उपयोग, ते मला अजून कळलेलं नाही. शिवाय नंबर लागायच्या आधीच ‘अ‍ॅप कसं वाटलं, पाच तारे द्या’ अशी पाटी आडवी येऊ लागली. पान वाढायच्या आधीच ‘स्वयंपाक कसा झाला’ असं विचारणारा यजमान मी तरी ऐकला नाही. पण ऑफिसात या सगळ्याचं फार कौतुक झालं. पेढेसुद्धा वाटले.

धरणगावजवळच्या एका खेड्यात यशोदाबाई राहतात. डावा डोळा कधीच गेलेला, उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. महिनाभरात ऑपरेशन झालंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सून रूपा हिने मोबाइलवर आमच्या अ‍ॅपमधून तारीख घेतली. यशोदाबाईंनी बोटांवर दिवस मोजले आणि त्या थांबल्या.

“रूपा, त्या दिन ते आखाजी शे. तुले माहेर जानं शे ना? वरीसमा एक डाव जास तू. तारीख बदली टाक.”

आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया; त्या सणाला सासुरवाशीण माहेरी जाते, झोके घेते. दुसऱ्या कुठल्या सासूने सुनेला थांबवून घेतलं असतं. यांनी नाही.

रूपा मला शोधू लागली. टिंबांच्या आडून मी तिचं बोट पाहत होतो. डॉक्टरवर दाबलं, तो हसला. तारखेवर दाबलं, काही झालं नाही. समोर एकच मोठं लाल बटण होतं, ‘रद्द करा’. रद्द केल्यावर नवी तारीख विचारतील, असं तिला वाटलं. तिने दाबलं. नंबर गेला. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची होती.

सुरतेहून तिचा नवरा समाधान फोनवर म्हणाला, तुला वाचतासुद्धा येत नाही का. रूपा बारावी झालेली आहे. ती पदराने मोबाइल पुसत राहिली.

दोघी एसटीने धुळ्याला गेल्या. काउंटरवरच्या ज्ञानेश्वरने डोक्याला हात लावला. आखाजीच्या आठवड्यातले वीस-बावीस नंबर असेच उडाले होते. डॉक्टरांनी अखिलभाऊंना बोलावून घेतलं होतं, सोबत रूपलही होती. ज्ञानेश्वरने यशोदाबाईंचं नाव लावून दिलं, पण रिकामा दिवस होता तो पुन्हा आखाजीचाच.

अखिलभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, “अक्का, अ‍ॅप सोपं आहे. फक्त नीट वाचून दाबायचं.”

यशोदाबाईंनी सुनेच्या हातातला मोबाइल त्यांच्यापुढे धरला. “मंग तूच बदली दे, भाऊ.”

अखिलभाऊंनी डॉक्टरवर दाबलं. तारखेवर दाबलं. ‘पाच तारे’ दोनदा आडवे आले. मला कुठे कोंडलंय, हे ते स्वतःच विसरले होते. शेवटी त्यांचा अंगठा लाल बटणावर गेला आणि नंबर रद्द झाला. बाकावरचे सगळे पाहत होते.

“वाचीसन दाबं ना, भाऊ?” यशोदाबाईंनी विचारलं.

रूपल खाली मान घालून हसली. ज्ञानेश्वरने डॉक्टरांना विचारून साध्या कागदावर नाव लिहिलं, आखाजीनंतर चौथा दिवस. रूपा माहेरी जाऊन आली आणि सासूला घेऊन धुळ्याला गेली. पट्टी निघाल्यावर यशोदाबाईंनी आधी सुनेचा चेहरा पाहिला. किती वाळलीस गं, म्हणाल्या.

मी आता पुन्हा तारखेखाली आहे. अखिलभाऊ त्याला ‘नवी सुविधा’ म्हणतात आणि तिचं श्रेय घेतात. घेऊ द्या. बाकीच्या वीसजणांचं काय झालं, हे मात्र त्यांनी विचारलेलं नाही.

तुम्हाला एक सांगतो आणि थांबतो. एखाद्या अ‍ॅपमध्ये साधी गोष्ट सापडली नाही, तर स्वतःला अडाणी म्हणू नका. घरातल्या बाईला तर मुळीच म्हणू नका. ती गोष्ट कुणी लपवली, तेवढं विचारा.