झाकणावरची मिशी

मित्रांनो, दुरुस्तीच्या दुकानात शिरलात की डाव्या फळीवर एक इस्त्री दिसेल आणि एक बिनझाकणाचा मिक्सर. त्या दोघांच्या मध्ये अंग चोरून बसलेलं काळं, ठेंगणं कॉफीचं मशीन म्हणजे मी. एका वेळी एकच कप करते. छोट्या वाटीएवढी एक डबी असते, तिला पॉड म्हणतात. आत एका कपापुरती दळलेली कॉफी, वर चिकटवलेलं झाकण. ती माझ्या तोंडात ठेवायची नि बटण दाबायचं. मी सुईनं झाकणाला भोक पाडते आणि गरम पाणी सोडते. एवढंच माझं कर्तृत्व.

माझ्या आधीच्या मॉडेलला कुणाचाही पॉड चालायचा. भोळं होतं बिचारं. मशीन कंपनीचं आणि पॉड मात्र गल्लीबोळातल्या कुणाचेही, म्हणून कंपनीच्या पोटात दुखायला लागलं. माझ्या वेळी तिनं मशीनला डोळा दिला. जे कंपनीचा परवाना घेत, त्यांच्या झाकणाच्या कडेनं खास शाईचं कडं छापलेलं असे. कडं दिसलं की हिरवा दिवा. नाही दिसलं की लाल दिवा आणि पाणी बंद. आत अमृत आहे की भुसा, हे पाहणं माझ्या कामात बसत नव्हतं. कारखान्यात माझ्यासमोर हजार झाकणं धरली, मी एकदाही चुकले नाही. तपासनीस म्हणाला, हुशार आहे. मी फुगले. कौतुक कशाचं चाललंय तेही विचारायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मला विकत घेतलं एका सुनेनं. घरात ती आणि तिचे सासरे, म्हणजे बाबा, दोघंच. मुलगा वारल्यापासून मागच्या खोलीतली कॉफी भाजायची भट्टी या दोघांनीच चालवली होती. बिया तडतडायला लागल्या की बाबा डोळे मिटून ऐकत आणि नेमक्या क्षणी भट्टीतून घाणा उतरवत. सून दळायची, पॉड भरायची, वर साधं पांढरं झाकण लावायची. जवळच्या सहा मजली कचेरीत तीन वर्षं हे पॉड जात होते, आणि त्यांच्याच जिवावर भट्टी पेटत होती. आता कचेरीत माझ्या जातीची नवी मशीनं यायची होती. खरेदीच्या साहेबांनी कळवलं, शुक्रवारी नव्या मशीनवर तुमचे पॉड चालवून दाखवा, नाहीतर आपला संबंध संपला.

बाबांनी पाच पॉड घालून पाहिले. मी पाचही वेळा लाल दिवा लावला. "याला काय दुखतंय?" म्हणत ते उठून गेले.

ते गेल्यावर सुनेनं कंपनीच्या एका वापरलेल्या झाकणाचं कडं कात्रीनं कापलं आणि चिकटपट्टीनं बरोबर माझ्या डोळ्यापुढं डकवलं. मला आता कायम तेच कडं दिसे. मी सुखानं हिरवा दिवा लावत राहिले. बाबांना तिनं सांगितलं, काही नाही, जरा पुसलं.

"पुसून काय होतंय?" बाबा म्हणाले. "वास घेतला त्यानं. पटली त्याला."

तिनं मान डोलावली. तिची चूक झाली ती इथं. पुढचे चार दिवस बाबा येईल त्याला हेच सांगत होते, दूधवाल्याला तर दोनदा.

शुक्रवारी आम्ही कचेरीत गेलो. बाबांनी मिशीला कंगवा फिरवला होता. खरेदीचे साहेब होते, चार कारकून होते, आणि कोपऱ्यात माझ्या कंपनीचा माणूस हाताची घडी घालून उभा होता. सात कप झाले. कारकुनांनी दुसऱ्यांदा मागितली. बाबा त्या माणसाकडं वळून म्हणाले, "तुमचं मशीन आधी हटून बसलं होतं हो. आमच्या कॉफीनं वळवलं त्याला."

आठव्या कपाला वाफेनं चिकटपट्टी सुटली. कडं गळून पडलं. मी लाल दिवा लावला, मित्रांनो. माझं काम मी चोख केलं.

त्या माणसानं माझं तोंड उघडलं, दोन बोटांनी ते ओलं कडं उचललं आणि बाबांच्या तळहातावर ठेवलं. तो रागावला नाही, हसलाही नाही. "आजोबा, हे काय?" एवढंच म्हणाला. बाबांनी सुनेकडं पाहिलं. तिनं फरशीकडं पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ऑर्डर तिथंच गेली.

तिसऱ्या दिवशी बाबांनी मला फडक्यानं पुसता पुसता विचारलं, "सूनबाई, म्हणजे त्याला कळली नव्हती होय?"

आठवड्यानं तोच माणूस घरी आला. बरोबर बिस्किटांचा पुडा. म्हणाला, एवढ्या वर्षांचं नाव आहे तुमचं, वाया कशाला घालवता? आम्हाला वापरायला द्या. झाकणावर तुमचं नाव, तुमचा मिशीवाला चेहरा आणि भोवती आमचं कडं. कॉफी तेवढी आमच्या कारखान्यातली. तुम्ही आता आराम करा. बाबांनी सही केली. दारावरची पाटी उतरवावी लागली, कारण ते नाव आता त्यांचं राहिलं नव्हतं. भट्टी भंगारवाल्यानं सुटी करून नेली.

पहिला खोका आला. झाकणावर बाबा हसत होते. मी बघताक्षणी हिरवा दिवा लावला. बाबांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"ही कुणी केली?"

"झाकणावर तुम्हीच आहात, बाबा."

"मग त्या मिशीवाल्यालाच पाज."

वर्षभरात कंपनीनं तो चेहरा बंद केला. लोकांना मिशी आवडली नाही म्हणे. नाव मात्र कंपनीकडंच राहिलं. पुढं माझा पंप बिघडला आणि मी या फळीवर आले. दुकानदारानं पंप बदलला आणि चिमट्यानं माझा डोळा उपटून काढला. आता हिला काहीही चालतं, असं तो गिऱ्हाइकांना सांगतो.

एका दुपारी सून आली. कपाट हलवताना तिला मागं पडलेला एक खोका सापडला होता. पांढऱ्या झाकणांचे बारा पॉड, बाबांच्या शेवटच्या घाण्यातले. दोन वर्षं झाली होती. तिनं मला एका दिवसापुरतं मागून नेलं. बाबा खिडकीपाशी बसले होते, पूर्वीपेक्षा निम्मे झालेले. तिनं लाडानं पॉड ठेवला, बटण दाबलं. दिवा लागला नाही, कुणी कुणाला अडवलं नाही. पाणी आत गेलं आणि मला कळलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास.

बाबांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"कंपनीची ना?"

पांढरं झाकण तिच्या मुठीत होतं. "हो," ती म्हणाली.

"तरीच." दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "अशी कॉफी आपल्या हातून जन्मात झाली नसती, सूनबाई."

ती हसली. कप विसळला. उरलेले अकरा पॉड कचऱ्याच्या बादलीत अगदी तळाशी घातले आणि संध्याकाळच्या आत मला इथं आणून ठेवलं.

मित्रांनो, मला घरी नेलंत तर महिन्यातून एकदा व्हिनेगरच्या पाण्यानं माझ्या नळ्या धुवा, वापर झाला की तोंड कोरडं करा. आणि एखाद्याच्या हातची कॉफी आवडत असेल तर ती ताजी आहे तोवरच त्याला सांगा. मला आता डोळा नाही. जे घालाल ते मी मुकाट्यानं गिळीन. तेव्हा घालण्याआधी तुम्हीच नीट बघत जा.