हळद लागलेला मल्लखांब

माझ्या धाकट्या नणंदेचं, प्रेमलताचं, लग्न झालं ते वर्ष एकोणीसशे एकोणसाठ. मध्यप्रदेश होऊन तीन वर्षं झाली होती आणि राजधानी आमच्या होळकरांच्या शहराला न मिळता भोपाळला गेल्याचा राग आमच्या छत्रीबागेतल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून अजून गेला नव्हता. लग्न मार्गशीर्षात होतं. आदल्या दिवशी सकाळी हळद, आणि त्याच दुपारी लालबागेकडच्या मैदानावर मुलांच्या मल्लखांबाच्या स्पर्धा. तारखा अशा एकमेकींवर आल्या, याला कोणाचाच इलाज नव्हता.

माझा मालोजी तेव्हा अकरा वर्षांचा. गल्लीतल्या व्यायामशाळेत चिंतामणराव वस्ताद त्याला शिकवत. पहिला येणाऱ्या मुलाला ग्वाल्हेरला जाणाऱ्या चमूत जागा मिळणार होती. महिनाभर आमच्या घरात एकच वाद चालला होता. मालोजीने साधे प्रकार करायचे, की शेवटी सुईदोरा घालायचा?

सुईदोरा म्हणजे खांबाच्या वरच्या टोकाशी हातांनी धरायचं आणि दोन हात नि खांब यांच्यामधल्या फटीतून सगळं अंग दोऱ्यासारखं ओवून काढायचं. क्षणभर डोकं खाली आणि पाय मोकळे. जमला तर गुण भरपूर. हात सुटला तर थेट मानेवर पडायचं.

वस्ताद म्हणत, "साधंच करू दे, जयसिंगराव. पण साफ करू दे. गुडघा वाकायला नको, पायाची बोटं सुटायला नकोत. पंच तेच बघतात."

आमचे हे हसायचे. "साफसफाई बघायला लोक मैदानावर येतात का, वस्ताद? ते तर झाडूवालाही करतो."

यांचे वडील-आजोबा होळकरांच्या फौजेत होते. हे मिलच्या फाटकावर जमादार. मुलाने काही तरी मोठं करून दाखवावं, ही त्यांची भूक मला दिसत होती. पण मला दुसरंही काही दिसत होतं. माझे दीर उदयसिंह समोरच जेवायला बसायचे. त्यांचा उजवा हात कोपरात सरळ होत नसे. महाराजांच्या काळात एका दसऱ्याला ते सुईदोरा करताना पडले होते. त्या दिवशी "कर, कर" म्हणून खालून ओरडणारे त्यांचे थोरले भाऊ होते, म्हणजे आमचे हेच. भावजी यावरून कधी बोलले नाहीत. डाव्या हाताने घास घ्यायचे आणि थट्टा करायचे, "वहिनी, मला वाढताना डावं-उजवं करू नका हं."

हळदीच्या सकाळी देपालपूरहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन व्याही आणि त्यांची माणसं आली. चहा घेताना यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "दुपारी मैदानावर चला. आमचा मालोजी सुईदोरा करणार आहे."

मी चुलीपाशी होते. तिथूनच ऐकलं आणि हातातली कढई आपटली गेली.

त्यानंतर जे झालं ते लग्नघरात होतंच. प्रेमलताशेजारी पाटावर पाठराखा, म्हणजे नवरीच्या सोबतीचा मुलगा, म्हणून मालोजीला बसवलं होतं. मी पुऱ्या तळत होते. तेवढ्यात सासूबाईंनी आणि देपालपूरच्या बायकांनी नवरीला तेल-हळद लावली, आणि उरलेली पाठराख्याला. नुसती कपाळाला नाही. हात, पाय, मांड्या, पाठ, सगळं चोपडून काढलं. मी बाहेर आले तर पोरगं पिवळंधमक, तेलाने चकाकत होतं.

"सासूबाई, अहो, दुपारी त्याला खांबावर चढायचंय!"

"मग? शुभाचं तेल आहे, शांता. त्याने वाईट होईल का?"

मी त्याला ओढत न्हाणीत नेलं. शिकेकाई लावली, बेसन लावलं, चुलीतली राख लावली.

"आई, सोलतेस का मला?"

"गप उभा राहा."

पाणी तेवढं पिवळं व्हायचं थांबलं, पोरगं पिवळंच राहिलं. पंच्याने पुसलं तरी त्याच्या मांडीवरून माझा हात सरकत होता. तेल कातडीत मुरलं होतं.

मी यांना आडोशाला गाठलं. "आज सुईदोरा नको. त्याच्या अंगाला तेल आहे."

"खांबालाही आपण तेलच लावतो ना?"

"त्याच्या हाताला हात लावून बघा तरी."

"शांता, व्याह्यांना सांगून झालंय." आणि हे फेटा बांधायला गेले.

मैदानावर बायकांची बसायची जागा मागे होती. भावजी माझी काळजी ओळखून माझ्याजवळच्या कठड्याला टेकून उभे राहिले. हे आणि देपालपूरचे व्याही अगदी पुढे, सतरंजीवर. मधोमध तो काळा, उंच खांब.

तिथला नियम असा होता की नाव पुकारलं की मुलाने पंचांसमोर जाऊन कोणता अवघड प्रकार करणार ते आधी सांगायचं. सांगून केला नाही तर गुण कापणार. आणि मूल खांबावर असताना त्याच्या माणसांनी बाहेरून काही सांगितलं, तरी कापणार.

मी भावजींना म्हटलं, "जा ना, वस्तादांना सांगा. ह्यांनी माझं ऐकलं नाही."

भावजी गेले. मी लांबून बघत होते. वस्तादांनी मालोजीचा तळवा चोळून पाहिला आणि यांच्याकडे गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण यांची मान नकारात हलली. भावजी परत आले.

"काय म्हणाले?"

"वस्ताद म्हणाले, खांबाचं एरंडेल वेगळं, ते लाकूड पितं. अंगावरचं तेल तसं नाही. दादा म्हणाले, पोराला भित्रा करू नका." मग भावजी मला म्हणाले, "वहिनी, पाणी प्याल का?"

मला पाणी नको होतं.

मल्हारगंजचा एक मुलगा आमच्या आधी होता. त्याने सुईदोरा केला आणि तो सुरेख झाला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनंतर आता हे मागे हटणार नव्हते.

मालोजीचं नाव पुकारलं. लंगोट घातलेला माझा पिवळा मुलगा पुढे आला आणि मैदान हसलं. कोणी तरी ओरडलं, "अरे भिया, दूल्हा आ गया!" दुसरा म्हणाला, "बारात कुठंय रे?" मालोजीने पंचांना काही तरी सांगितलं. पंचांनी लिहून घेतलं. मला कळलं, सुईदोराच सांगितला.

त्याने मारुतीला आणि खांबाला नमस्कार केला आणि उडी घेतली.

साधे प्रकार त्याने वस्तादांना पाहिजे तसेच केले. पाय जोडलेले, गुडघे ताठ, कुठे घाई नाही. पण प्रत्येक पकडीनंतर तो बोटभर खाली सरकत होता आणि पुन्हा वर चढून जागा घेत होता. परक्या माणसाला ते दिसलं नसतं. मला दिसत होतं. त्याने एक हात सोडून मांडीला पुसला. मांडीही तेलकटच होती. मग तो वर, खांबाच्या मानेशी गेला.

काळ्या खांबावर त्याच्या हातांचे पिवळे ठसे उठले होते. खालच्या ठशांत पाचही बोटं वेगळी दिसत होती. वरचे ठसे खाली ओढल्यासारखे लांबट होते.

मी भावजींच्या वाकड्या हाताकडे पाहिलं. का पाहिलं, माहीत नाही. त्यांनी तो दुसऱ्या हाताने घट्ट धरला होता.

मालोजीने श्वास घेतला, हातांची जागा बदलली. आणि त्या लांबट ठशांकडे बघत सतरंजीवरून हे उभे राहिले. फेटा मागे पडला.

"मालोजी! सुईदोरा नको! खाली ये!"

पंचांनी शिट्टी वाजवली. मालोजी वरून वडिलांकडे बघत राहिला. मनात आणलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. यांनी दोन्ही हात जोडले. मुलाला हात जोडले त्यांनी, सगळ्या व्याह्यांसमोर.

"बेटा, उतर."

तो उतरला. शेवटची उडीही साफ घेतली, पाय जोडून. मग वडिलांकडे न बघता, वस्तादांकडेही न बघता, सरळ माझ्याकडे आला आणि माझ्या पदरात तोंड घालून रागाने रडला. मी त्याची मान हाताने चाचपली. उगाचच.

फळ्यावर खडूने गुण लिहिले. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. मी भावजींना विचारलं.

"तिसरा. दोन्हीकडून कापले. सांगून केला नाही म्हणून, आणि दादा ओरडले म्हणून."

मल्हारगंजचा मुलगा ग्वाल्हेरला गेला.

परतताना देपालपूरचे व्याही हसत म्हणाले, "क्या जयसिंगराव, घोडा दौडाया भी आपने, और लगाम भी आप ही ने खींच ली?"

मला वाटलं, हे आता भडकतील. पण हे म्हणाले, "हो जी. चला, घरी पंगत खोळंबलीय." आणि मग चालता चालता भावजींच्या शेजारी गेले. घर येईपर्यंत यांचा हात भावजींच्या त्या वाकड्या कोपरावर होता.

लग्नात मालोजी सुजलेल्या डोळ्यांनी प्रेमलताच्या मागे उभा राहिला. वडिलांशी तो कितीतरी दिवस बोलला नाही. पुढे मोठा झाला, नोकरीला लागला, सुदामा नगरात घर बांधलं. तरी जेवताना मल्लखांबाचा विषय निघाला की म्हणायचाच, "आबा, मला त्या दिवशी जमलं असतं."

हे ताटातून मान वर न करता म्हणायचे, "म्हणायला आहेस ना, बस्स."

खरंच जमलं असतं की नाही, मला माहीत नाही. मालोजी आज सत्तरीच्या पुढे आहे आणि अजून तेच म्हणतो. आता त्याला उत्तर द्यायला कोणी नाही. उदयसिंह भावजी एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात गेले. मालोजीचे वडील जयसिंगराव एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली, मार्गशीर्षात, सुदामा नगरच्या घरी वारले.